लाजेची कसोटी

दिवाडीला, पाद्री ऑर्तेंसियांच्या बाल्कांवात बसून
मी येशू टंकते.
पानाला वीस रुपये, तळटिपेचे वेगळे.
मराठीत हवाय त्यांना,
बेळगावकडून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी.

पाद्रींचा येशू घाईत आहे.
जग बुडणार म्हणतो, ह्याच पिढीच्या डोळ्यांदेखत.
पिढी मेली, जग तसंच राहिलं.
“चुकला तो,” पाद्री शांतपणे सांगतात
आणि लगेच छातीवर क्रूस करतात.
“चुकला, म्हणूनच बोलला असणार.
आपल्या गुरूच्या तोंडी चूक कोण घालील, सुगंधा?”

भाचा इरिनेऊ सात वर्षं बेल्जियममध्ये काढून आला.
त्याच्या येशूला कसलीच घाई नाही.
कुणाच्याही पंगतीला बसतो,
जकातवाल्याच्या, वाळीत टाकलेल्याच्या,
सावकाश जेवतो, एखादं कोडं घालतो आणि उठतो.
जगबुडी नंतरच्यांनी चिकटवली, इरिनेऊ म्हणतो,
आणि चार पेन्सिली घेऊन माझ्या पानांवर फिरतो:
हे त्याचंच, लाल. असंच काहीतरी, गुलाबी.
करडं. काळं.
काळं पुष्कळ.
पाद्री खोडरबर शोधतात.

मध्येच पुण्याहून शेवडेबाईंचं पत्र:
तुम्ही दोघंही आठवणीच्या मागे जाऊ पाहता.
आठवणीला मागचं दार नसतं.
तो भेटणार नाही. ज्यांना तो विसरता आला नाही,
ते भेटतील.
पाद्री पत्राची घडी करून
चष्म्याच्या घरात ठेवतात.

एकदा एक ग्रीक शब्द अडला. त्याचा धंदा.
सुतार, पाद्री म्हणाले.
गवंडी, इरिनेऊ म्हणाला, तिकडे लाकूड कुठलं, दगडच दगड.
दुपार गेली. चहा दोनदा गरम झाला.
मी म्हटलं, मेस्त लिहू?
आमच्याकडे दारालाही मेस्त आणि भिंतीलाही मेस्तच.
दोघं गप्प.
मग पाद्री हसले, वरच्या दातांशिवायचं.
बेळगावात कळणार नाही म्हणून तळटीप द्यावी लागली.

काल कसोट्यांचं प्रकरण आलं.
एकाहून अधिक साक्षी. वेगळेपण.
आणि तिसरी, लाजेची:
सांगणाऱ्याला जे सांगताना खाली बघावं लागतं
ते बहुधा खरं.
पाप्यांच्या रांगेत उभं राहून त्यानं नदीत बुडी घेतली,
दुसऱ्याच्या हातून.
घरचे म्हणाले, ह्याचं डोकं फिरलंय.
कुणी जपलं हे?
ज्यांना लपवता आलं असतं त्यांनीच.

माझी बोटं थांबली.

बाबा फेरीबोटीवर खलाशी. बुडाले तेव्हा मी नववीत.
पागी म्हणाले, वासरू वाचवायला उडी मारली.
भटजी म्हणाले, नार्व्याच्या देवाकडे तोंड होतं, हात जोडलेले.
खात्याच्या कागदात दोर तुटला.
तीन साक्षी, तिन्ही उजळ माथ्यानं उभ्या.
आणि इंजिनवाला काइतान, अकरा वर्षांनी,
माझ्या लग्नाच्या मांडवात, उराक पिऊन,
स्वतःच्या चपलांकडे बघत:
“मुतायला गेलेला गो बाये, मागच्या कठड्यावर. घसरला.
पोहायला येत नव्हतं त्याला.”

तीस वर्षं पाण्यावर.
लाल पेन्सिल दे, इरिनेऊ.

पण मग शीळ?
बोट धक्क्याला लागताना बाबा शीळ घालायचे.
रोज. कुणालाच तिची लाज नव्हती,
म्हणून कुणी सांगत नाही.
साक्षीला एकटी मी, तीही मुलगी.
कुठल्याच कसोटीत बसत नाही ती.
करडी तरी?

“कुठे अडलं?” पाद्री विचारतात.
“निश्चित”पाशी, मी म्हणते.
“खोड. बहुधा घाल.”
घातलं.

संध्याकाळी जुन्या गोव्याकडे शेवटची फेरी,
पिशवीत त्रेचाळीस पानं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
मागच्या कठड्यापाशी नवा खलाशी, मिसरूड फुटलेला.
पोहता येतं का रे, मी विचारते.
तो हसतो.
खाली बघतो.